शेजाऱ्याच्या कुंपणाने शेताची वाट अडली तर काय करावे: नव्या जमीनधारकासाठी मार्गदर्शन

वडिलोपार्जित शेत नव्याने कसायला घेतलेला किंवा शहरातून येऊन दोन-चार एकर विकत घेतलेला माणूस सातबारा पाहतो, मोजणी करून घेतो, विहिरीला पाणी किती आहे याची चौकशी करतो. पण त्या शेतात बैलगाडी किंवा ट्रॅक्टर कोणत्या वाटेने आणि कोणत्या हक्काने जातो, हे बहुधा कोणाला विचारत नाही. वाट समोर दिसत असते, म्हणून ती आपलीच आहे असे गृहीत धरले जाते. मग एखाद्या उन्हाळ्यात शेजारी सिमेंटचे खांब रोवून काटेरी तार ओढतो आणि पेरणी तोंडावर आलेली असताना वाट बंद होते. अशा वेळी काय करावे आणि काय करू नये, हे इथे क्रमाने सांगितले आहे. विवेचन महाराष्ट्रातील कायद्यापुरते आहे. गोव्यात मामलतदार न्यायालयाचा १९६६ चा स्वतंत्र कायदा लागू असल्यामुळे तिथल्या वाचकांनी तेथील वकिलांकडून खात्री करून घ्यावी.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या वादात बहुतेक लोक ‘जमीन कोणाची’ या प्रश्नावर भांडतात, आणि तिथेच वर्षे वाया जातात. कुंपण शेजाऱ्याच्या स्वतःच्या जमिनीत असू शकते, मोजणीतही ते त्याच्याच हद्दीत निघू शकते, आणि तरीही ते बेकायदा असू शकते. कारण वहिवाटीचा हक्क म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीतून जाण्याचाच हक्क होय. म्हणून खरा प्रश्न ‘ही वाट कोणत्या प्रकारची आहे’ हा आहे. त्याचे उत्तर मिळाले की कोणाकडे जायचे, कोणता पुरावा जमवायचा आणि किती रुंदी मागायची, हे सगळे त्यातून ठरते.

कुंपण दिसल्यानंतर पहिले काही दिवस

कुंपण स्वतः तोडू नये. तार कापणे, खांब उपटणे, रात्री जेसीबी लावून बांध सपाट करणे यांपैकी काहीही करू नये. हक्क शंभर टक्के आपल्या बाजूचा असला तरीही करू नये, कारण भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ३६ मध्ये हक्कदाराने अडथळा स्वतःच्या हाताने दूर करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. शिवाय तार कापली की दुसऱ्या दिवशी नुकसानीची तक्रार आपल्याच नावावर पोलीस ठाण्यात जाते, आणि कालपर्यंत अन्याय सोसणारा माणूस आज आरोपी म्हणून उभा राहतो. ही चूक पुढे कितीही चांगला वकील लावला तरी पुसता येत नाही.

त्याऐवजी अडथळ्याची नोंद करून ठेवावी. खांबांचे, तारेचे, खांबांच्या बुडाशी असलेल्या ताज्या सिमेंटचे आणि कुंपणाच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या चाकोरीचे फोटो काढावेत. एकाच फोटोत जुनी चाकोरी आणि तिला आडवे गेलेले नवे कुंपण दिसले तर उत्तम. मग ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वी ज्यांना आपण तलाठी म्हणत होतो त्यांच्याकडे, लेखी अर्ज देऊन जागेचा पंचनामा करण्याची विनंती करावी आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. शेजाऱ्यालाही साध्या, संयमी भाषेत पत्र लिहून ते स्पीड पोस्टाने (नोंदणीसह) पाठवावे. त्या पत्रात कुंपण कोणत्या तारखेला घातले गेले हे आवर्जून लिहावे, कारण मुदतींचा हिशेब करताना ती तारीख लागते.

या मुदती तीन आहेत. तहसीलदारांसमोर मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली दावा करायचा असेल तर तो अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. दीर्घ वापरावर हक्क आधारलेला असेल, तर अडथळ्याची माहिती होऊनही तो एक वर्ष मुकाट्याने सहन केला तर कायद्याच्या दृष्टीने वापरात खंड पडला असे धरले जाते. आणि वीस वर्षांचा वापर सिद्ध करायचा असेल तर तो दावा दाखल करण्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेला असावा लागतो. ‘पाहू, दिवाळीनंतर बोलू, भाऊबंदच आहेत’ असे म्हणत ज्यांनी दोन हंगाम घालवले, त्यांच्या हातातून सर्वांत सोपा मार्ग सुटलेला असतो. बोलणी जरूर करावीत, पण सहा महिन्यांची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवावी.

वाट कोणत्या प्रकारची आहे

गावच्या नकाशापासून सुरुवात करावी. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रमाणित प्रत काढावी. संकेतस्थळावरील नकाशा पाहायला सोयीचा असला तरी कामकाजात प्रमाणित प्रतच उपयोगी पडते. नकाशावर दुहेरी तुटक रेषांनी गाडीमार्ग दाखवलेला असतो आणि एकेरी तुटक रेषेने पायमार्ग. महसूल खात्याच्या परिपाठानुसार गाडीमार्गाची रुंदी १६.५ ते २१ फूट आणि पायमार्गाची ८.२५ फूट धरली जाते. हे आकडे विचित्र वाटतात, पण जुनी मोजणी ३३ फुटी साखळीने होत असे आणि त्या साखळीचे सोळा आणे असत, ८.२५ फूट म्हणजे चार आणे आणि १६.५ फूट म्हणजे आठ आणे. (याच साखळीच्या चौरसाला आपण आजही गुंठा म्हणतो.) वाट अशी नकाशावरच असेल, म्हणजे ती पाणंद, शिवरस्ता किंवा गाडीमार्ग असेल, तर भांडण केवळ तुमचे आणि शेजाऱ्याचे राहत नाही. अशा ठिकाणी तहसीलदारांकडे रस्त्यावरील अतिक्रमण काढण्याचा अर्ज करावा. रस्ता ग्रामपंचायतीकडे असेल तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली अडथळा हटवण्याचे अधिकार पंचायतीलाही आहेत.

नकाशावर काहीच नसेल तर खरेदीखत वाचावे, आणि फक्त आपले नव्हे, तर विकणाऱ्याला ती जमीन ज्या खताने मिळाली तेही वाचावे. चतुःसीमेत ‘पूर्वेस वहिवाटीचा रस्ता’ असा उल्लेख असतो, किंवा शेवटी ‘जाण्या-येण्याच्या वहिवाटीच्या हक्कांसह’ अशी शब्दयोजना असते. हे दुसरे वाक्य बहुतेक खतांत ठोकळ्यासारखे लिहिलेले असते, म्हणून त्यावर एकट्यावर विसंबू नये. शेजाऱ्याच्या किंवा त्याच्या पूर्वजांच्या खतात त्याच वाटेचा उल्लेख सापडला तर मात्र त्याचे वजन फार मोठे असते. विदर्भातील वाचकांनी आणखी एक कागद पाहावा. जमीन महसूल संहितेच्या कलम १६५ खाली ठेवल्या जाणाऱ्या वाजिब-उल-अर्जात खासगी जमिनीतून जाणाऱ्या वाटांचे रूढ हक्क नोंदलेले असतात, आणि ही नोंद असूनही ती कोणी काढून पाहिलेली नसते असे पुष्कळदा घडते.

तिसरा प्रकार वाटणीतून निर्माण होतो. वडिलांच्या एकाच गटाचे तीन भावांत पोटहिस्से पडतात, रस्त्याकडचा हिस्सा थोरल्याला जातो, आणि मागच्या हिस्स्याला वाट ठेवायची राहून जाते. मागच्या हिस्स्यात जायला दुसरा कोणताही मार्ग नसेल तर सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम १३ प्रमाणे गरजेतून वाटेचा हक्क मिळतो. इथे दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. हा हक्क निकडीचा आहे, सोयीचा नाही. ओढ्याकाठून लांबची पण कायदेशीर वाट उपलब्ध असेल तर जवळची वाट गरज म्हणून मागता येत नाही. आणि कलम १४ प्रमाणे वाट कुठून द्यायची हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हिस्स्यातून ती जाणार त्याला आहे. ती वाट तुम्हाला वाजवी सोयीची असली म्हणजे झाले. म्हणून ‘मला पूर्वीसारखी मधूनच वाट हवी’ असा हट्ट धरण्याआधी शेजारी बांधाच्या कडेने वाट देऊ करतो आहे का, हे पाहावे.

चौथा आणि सर्वांत अधिक वादाचा प्रकार म्हणजे दीर्घ वापराने मिळालेला हक्क. कलम १५ प्रमाणे वीस वर्षे शांतपणे, उघडपणे, हक्क म्हणून आणि अखंड वापर झालेला असावा लागतो. यातील ‘हक्क म्हणून’ या शब्दांवर बहुसंख्य दावे जिंकले किंवा हरले जातात. शेजाऱ्याच्या वडिलांनी ‘जा बाबा, आपलंच शेत समज’ म्हणून जाऊ दिले असेल तर ती परवानगी ठरते, आणि परवानगीने केलेला वापर चाळीस वर्षे चालला तरी त्याचा हक्क होत नाही. नव्या खरेदीदाराने तोंडी बोलताना किंवा पत्रात ‘आजवर तुम्ही आम्हाला जाऊ दिलेत’ असे सौजन्याने लिहू नये. सौजन्याचे ते एक वाक्य पुढे परवानगीची कबुली म्हणून वाचले जाते. दुसरीकडे, जमीन कालच विकत घेतली असली तरी घाबरण्याचे कारण नाही, कारण असा हक्क माणसाला नव्हे तर जमिनीला चिकटलेला असतो आणि जमिनीबरोबर तो तुमच्याकडे येतो. मात्र शेत वीस वर्षे सलग पडीक राहून वाट कोणी वापरलीच नसेल, तर कलम ४७ प्रमाणे हक्क संपुष्टात येतो. मुंबई-पुण्यात स्थायिक झालेल्या आणि आता गावी परतणाऱ्या वारसांनी हे आधी तपासावे.

आणखी एक अडचण इथेच सांगणे योग्य. पायवाटेचा हक्क असला म्हणून गाडीवाटेचा हक्क मिळत नाही; कलम २८ प्रमाणे एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारच्या वाटेचा हक्क समाविष्ट नसतो. शेजारी अनेकदा पूर्ण वाट बंद करत नाही, तर ‘माणूस जाईल एवढी’ चार फुटांची फट ठेवतो. ती फट पुरेशी की अपुरी, हे तुमचा मूळ हक्क पायी जाण्याचा होता की बैलगाडीचा, यावर ठरते. म्हणून दाव्यात नुसते ‘रस्ता’ असे न लिहिता, वाट कशी वापरली जात होती, कोणत्या वाहनाने आणि किती रुंदीने, हे स्पष्ट लिहावे.

पुरावा

वाटेचा पुरावा कागदापेक्षा व्यवहारात अधिक सापडतो. ऊस जात असेल तर कारखान्याच्या वाहतुकीच्या आणि वजनाच्या पावत्या दाखवतात की शेतापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉली पोहोचत होती. मळणी यंत्राची, खताच्या गाडीची, विहीर खोदणाऱ्या क्रेनची बिले त्याच कामाची आहेत. गुगल अर्थ प्रोमध्ये त्याच जागेची मागील वर्षांची उपग्रह छायाचित्रे पाहता येतात आणि कोरडवाहू भागात चाकोरी त्यात स्वच्छ उमटते; ती सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. साक्षीदार निवडताना आपला भाऊ किंवा मेहुणा यांच्याऐवजी दोन्ही शेतांशी संबंध नसलेला, पण तीच वाट पुढे वापरणारा शेतकरी शोधावा.

सरकारी मोजणीही करून घ्यावी, विशेषतः कुंपण बांधावर आहे की कोणाच्या हद्दीत आहे याबद्दल वाद असेल तर. पण मोजणी केवळ हद्द सांगते, वाटेचा हक्क सांगत नाही. ‘मोजणीत वाट निघाली नाही’ असे शेजाऱ्याने म्हटल्यास त्यामुळे नाउमेद होऊ नये.

बोलणी

तहसीलदारांच्या पायऱ्या चढण्यापूर्वी एकदा तरी समोरासमोर बसावे, असे मला मनापासून वाटते. हा पराभव टाळण्याचा डाव म्हणून नव्हे, तर शेजाऱ्याची खरी अडचण समजून घेण्यासाठी. कुंपण घालणारा प्रत्येक माणूस वाट अडवायलाच निघालेला नसतो. रानडुकरे आणि मोकाट गुरे पीक खातात, नवी कलमे लावलेली असतात, किंवा वाटेने जाणारा ट्रॅक्टर दर पावसाळ्यात चिखल चुकवायला दोन-दोन फूट आत सरकत गेलेला असतो. अशा वेळी ‘काका, तुमचं कुंपण राहू द्या, मला फक्त ट्रॅक्टर जाईल एवढं फाटक द्या, ते लावून घेण्याची जबाबदारी माझी’ एवढ्या बोलण्याने अर्धे वाद मिटतात. कायद्याची भूमिकाही याहून वेगळी नाही: ज्याच्या जमिनीतून वाट जाते तो आपली जमीन हवी तशी वापरू शकतो, फक्त वाटेच्या हक्काला बाधा येता कामा नये. कुलूप नसलेले फाटक बहुधा चालते. कुलूप लावून किल्ली त्याच्याच कंबरेला राहिली तर ते फाटक म्हणजे कुंपणच.

तडजोड झाली तर ती लिहावी आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी. पाचशे रुपयांच्या मुद्रांक कागदावर नोटरी करून ठेवलेला करार लोकांना पुरेसा वाटतो, पण जमिनीतील वाटेचा कायम हक्क लेखाने निर्माण करायचा तर त्याची नोंदणी लागते. लेखात गट क्रमांक, वाटेची लांबी-रुंदी, हातनकाशा, फाटकाची देखभाल आणि ‘उभयतांचे वारस व खरेदीदार यांवर बंधनकारक’ ही अट असावी. दावा आधीच दाखल असेल तर लोकअदालतीत तडजोड करणे अधिक चांगले, कारण तिथला निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येतो आणि त्यावर अपील होत नाही.

तहसीलदारांकडे दोन वेगळे मार्ग

नवखे लोक सर्वांत जास्त इथे गोंधळतात. जुनी, वापरातली वाट कोणी अडवली असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली दावा करावा. शेताला वाटच नसेल आणि ती बांधावरून नव्याने हवी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली अर्ज करावा. अडवलेल्या वाटेसाठी १४३ चा अर्ज केला की शेजाऱ्याचा वकील पहिल्याच तारखेला विचारतो, ‘म्हणजे आजवर वाट नव्हती, हे तुम्हालाच मान्य आहे ना?’ आणि स्वतःच्याच अर्जाने आपली बाजू लंगडी होते. उलट १४३ खाली वाट मिळते ती इतर शेतांच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून. कोणाच्या शेताच्या मधोमध नव्हे.

मामलतदार न्यायालयातील दाव्यात अडथळ्याचे स्वरूप व ठिकाण, तो निर्माण झाल्याची तारीख, घडलेली हकिकत, तसेच कागदपत्रे व साक्षीदारांची यादी असावी लागते, आणि खाली सत्यापनावर सही करावी लागते. अडथळा काढण्याबरोबरच पुढे तो पुन्हा करू नये यासाठी मनाई हुकूमही मागावा. तो मागितला नाही तर खांब निघतात आणि त्या जागी चर खोदला जातो. वाट सामायिक असेल तर ज्या ज्या गटातून ती जाते त्या सर्वांना पक्षकार करावे. हा कायदा शेतजमिनीसाठी आहे, हेही विसरू नये. बिगरशेती प्लॉट, बंगला किंवा फार्महाऊसची वाट अडली असेल तर सरळ दिवाणी न्यायालयात जावे लागते.

यानंतर स्थळपाहणी होते. मंडळ अधिकारी किंवा तहसीलदार स्वतः शेतावर येतात, आणि तेव्हा काय दिसते याला फार महत्त्व असते. चाकोरीत माती घट्ट बसलेली असते आणि तिथे गवतही वेगळे, ठेंगणे उगवते. दोन्ही बाजूंना जुन्या बाभळी किंवा निवडुंग ओळीने उभे असतात आणि मध्ये मात्र एकही जुने झाड नसते. कोकणात असेल तर जांभ्या दगडाच्या गडग्यात ठेवलेली मोकळी जागा आणि तिच्या कडेचे घासून गुळगुळीत झालेले दगड दिसतात. या खुणा अधिकाऱ्याला नम्रपणे दाखवाव्यात, त्यांची मापे टेपने घ्यायला सांगावे आणि ती पंचनाम्यात लिहिली गेली का, हे सही करण्यापूर्वी वाचून पाहावे. शेजाऱ्याने वाट नांगरून टाकली असेल तर कुंपणापलीकडचा न नांगरलेला तुकडा दाखवावा; चाकोरी तिथे पुढे सुरू झालेली दिसते.

मामलतदार न्यायालयाच्या निर्णयावर अपील नाही. कलम २३ खाली पुनरीक्षण अर्ज करता येतो, आणि तो प्रत्यक्षात उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे, म्हणजे प्रांतांपुढे चालतो. कलम १४३ च्या निर्णयाने ज्याला बाधा पोहोचते त्याला एका वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो.

दिवाणी न्यायालय

सहा महिने उलटून गेले असतील, वाट बिगरशेती जमिनीची असेल, किंवा हक्काचा कायमचा निवाडा हवा असेल तर दिवाणी न्यायालयात जावे. तिथे हक्काची घोषणा, कायम मनाई हुकूम आणि कुंपण काढून टाकण्याचा आदेश अशा तिन्ही मागण्या एकाच दाव्यात कराव्यात. नुसती मनाई मागितली तर उभे असलेले कुंपण उभेच राहते. दावा दाखल करतानाच तात्पुरत्या मनाई हुकमाचा आणि न्यायालयाने आयुक्त नेमून जागेचा अहवाल मागवावा यासाठीचा अर्ज द्यावा. वेळ लागतो, हे खरे आहे. खर्चाची चिंता असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करावी. महिला तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो.

आदेश हातात आल्यानंतर

आदेशाची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात काढावी आणि अंमलबजावणीचा वेगळा लेखी अर्ज द्यावा, कारण आदेश झाला म्हणून कुंपण आपोआप निघत नाही. विरोधाची शक्यता असेल तर अर्जातच पोलीस बंदोबस्ताची विनंती करावी. कुंपण काढताना महसूल कर्मचाऱ्यांचा पंचनामा व्हावा आणि त्यात मोकळ्या झालेल्या वाटेची रुंदी आकड्यांत लिहिली जावी. केवळ ‘रस्ता खुला केला’ एवढे लिहिले तर पुढच्या वर्षी पुन्हा फुटाफुटाने वाद सुरू होतो. रुंदीचा प्रश्न निघाल्यास मे २०२५ मधील महसूल विभागाचा शासन निर्णय दाखवावा. आधुनिक शेती अवजारे जाऊ शकतील यासाठी शेतरस्ते शक्य तिथे तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात घ्यावी, असे त्यात म्हटले आहे.

ती नोंद करून घेण्यासाठी आदेशाच्या प्रतीसह ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा, फेरफार मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढावा, आणि वाटेची नोंद फक्त आपल्या उताऱ्यावर पडली आहे की ज्या गटातून वाट जाते त्या शेजाऱ्याच्या उताऱ्यावरही पडली आहे, हे नीट पाहावे. उद्या शेजाऱ्याने जमीन विकली तर नवा मालक त्याच्याच उताऱ्यावर नजर टाकणार आहे, तुमच्या नव्हे.